सदतिसावा तुकडा

ग्रंथालयाच्या बाईंचं पत्र आलं आणि त्याची स्वारी हवेत तरंगायला लागली. बाईंकडे जुन्या डब्यांवरची शेकडो पुस्तकं पडून होती आणि ती कुणालाच उघडता येत नव्हती. डबी म्हणजे खिशात मावणारा, काडीने टोचून चालवायचा तो छोटा संगणक. वीस-बावीस वर्षांपूर्वी लोक त्यावर पुस्तकं वाचायचे. त्या फाइली आतून कशा असतात हे समजावून सांगणारा जाणकार बाईंना हवा होता. निवृत्त माणसाला कुणी जाणकार म्हटलं की काय होतं, ते ज्यांच्या घरात असा एखादा आहे त्यांना सांगायला नको. त्याने त्याच दिवशी नवी वही आणली.

पहिल्या पानावर त्याने लिहिलं की या फाइलीत पुस्तक सलग नसतंच. डबीची स्मरणशक्ती तुटपुंजी, म्हणून मजकुराचे बरोबर चार हजार शहाण्णव अक्षरांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा दाबून बसवायचा. एखादा शब्द पुन्हा आला तर तो पुन्हा लिहायचा नाही. इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी उचल, एवढीच खूण ठेवायची. लिहिताना तो गालातल्या गालात हसत होता. दाखवायला आता एक खरी फाइल हवी होती. त्याच्या स्वतःच्या सगळ्या कधीच गहाळ झाल्या होत्या. उरली होती ती ताईच्या ट्रंकेतली.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. गेली काही वर्षं ती त्याच्याकडेच, मागच्या खोलीत राहत होती. त्याने मागितल्यावर तिने कपड्यांच्या तळातून एक लिफाफा काढला आणि त्यातलं तिच्या डबीचं नखाएवढं मेमरी कार्ड त्याच्या हातावर ठेवलं.

"घे," ती म्हणाली. "मला काय करायचंय आता त्याचं?"

त्या कार्डाची गोष्ट घरात कुणी काढत नसे. एके काळी दोघंही एकाच रुग्णालयात होते, ती मुलांच्या वॉर्डात नर्स आणि तो संगणक विभागात. औषधांच्या मात्रांची जाडजूड पुस्तिका त्याने डबीत बसवली होती, तीही स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने. नर्सेसनी त्याला डोक्यावर घेतलं. मग एक दिवस वॉर्डात नवंच आलेलं हृदयाचं औषध ताईने चार वर्षांच्या एका मुलीला दिलं, आणि मुलगी संध्याकाळपर्यंत गेली. मात्रा हवी होती अडीच मिलिग्रॅम. ताईने दिले पंचवीस.

चौकशी समितीपुढे ताई एकच सांगत राहिली, की डबीत पंचवीस होतं. तेव्हा त्याला बोलावलं. त्याने मूळ मजकूर छापून नेला आणि टेबलावर ठेवला. २.५, ठळक, टिंबासकट.

"डबी उघडून बघा ना," ताई म्हणाली.

डबी कपाटात बंद होती आणि तिची बॅटरीही संपली होती. अध्यक्षांनी त्याला विचारलं, "मूळ हातात असताना नक्कल बघायची गरज आहे का?"

"नाही, साहेब," तो छातीठोकपणे म्हणाला. "मूळ तसंच नक्कल. ताईने वाचण्यात चूक केली."

ताईचा परवाना गेला. कार्ड तिच्या सामानाबरोबर लिफाफ्यातून परत आलं. पुढची अठरा वर्षं तिने एका लाँड्रीत चादरींना इस्त्री केली. एकदा, एकदाच, तिने त्याला कार्ड वाचून दाखवायला सांगितलं होतं. "कशाला तेच तेच उगाळत बसतेस?" असं म्हणून त्याने विषय संपवला होता. पुढे तिला घरी आणलं ते आपण मोठं मन केलं म्हणून, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

आता तो एकेक तुकडा उलगडत होता आणि अक्षरं मोजून वहीत मांडत होता. चार हजार शहाण्णव, चार हजार शहाण्णव. छत्तिसावा, चार हजार शहाण्णव. सदतिसावा, चार हजार पंच्याण्णव.

मोजण्यात चूक झाली म्हणून त्याने पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. मग त्याने तुकड्याचं शेवटचं अक्षर पाहिलं. ते होतं २. अडतिसावा तुकडा ५ ने सुरू होत होता. मधे काहीच नव्हतं.

त्याला लगेच आठवलं. टंकलेखकाने ओळींच्या शेवटी उरलेली जागा टिंबांच्या रांगांनी भरली होती. डबीच्या इवल्याशा पडद्यावर त्या रांगा नकोत म्हणून त्याने प्रोग्रामला सांगितलं होतं, शेवटची टिंबं छाटून टाक. पण ओळीचा शेवट आणि तुकड्याचा शेवट यातला फरक त्याने शिकवलाच नव्हता, म्हणून ओळी छाटून तुकडे पाडल्यावर प्रोग्राम प्रत्येक तुकड्याचं टोकही छाटायचा. पुस्तिकाभर टिंबं गेली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. सदतिसाव्या तुकड्याच्या टोकाला मात्र त्या मुलीचं औषध होतं.

भर दुपारी तो मागच्या खोलीत गेला. ताई खिडकीशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती.

"ताई, डबीत पंचवीसच होतं."

तिने वर पाहिलं. "तू तर अडीच म्हणाला होतास."

"टिंब माझ्या प्रोग्रामने खाल्लं. तू बरोबर वाचलं होतंस."

ताईने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. "मला आता अडीचच आठवतं रे," ती म्हणाली. "तेव्हा पंचवीस अगदी स्वच्छ दिसायचं. मग तू बोललास. तुला त्यातलं कळतं, तू कशाला खोटं सांगशील? रोज इस्त्री करताना मी तो पडदा डोळ्यांसमोर आणायचे. हळूहळू मला टिंब दिसायला लागलं."

त्याला रडू आवरेना. "मी लिहून देतो सगळं. रुग्णालयाला देतो, त्या मुलीच्या आईला देतो."

"दे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, रागही नव्हता. मग तिने, वॉर्डात औषधाची चूक सापडली की आधी विचारायचा तो जुना, ड्यूटीवरचा प्रश्न विचारला. "धाकट्या, ती पुस्तिका आणखी कुणाला दिली होतीस?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चौकशीत पुस्तिका निर्दोष ठरली म्हणून तिचं नाव झालं होतं. गावोगावची माणसं मागायला आली, आणि त्याने आलेल्या प्रत्येकाला हौसेने तीच फाइल दिली होती.

"अकरा रुग्णालयांना," तो म्हणाला.

"किती वर्षं वापरली त्यांनी?"

"पाच. सहा असतील."

ताईने अभ्रा बाजूला ठेवला. "नावं सांग एकेक."

पहिलंच नाव मुलांच्या रुग्णालयाचं होतं. ते काही केल्या त्याच्या तोंडून बाहेर पडेना.