अंगावर काढलेलं

१९७४ साली मी सर्व्हेच्या कचेरीत नोकरीला लागले. रंगाच्या कारखान्यामागच्या वस्तीत दारं वाजवायची, छापील प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची, एवढंच काम. माझ्या जोडीला एक किडकिडीत मुलगी होती. बोलायला टोचरी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणायचे.

वस्तीच्या टोकाला दवाखाना होता. दुपारी तिथे फक्त बायकांना तपासत. पण डॉक्टरीणबाई एकट्याच बसलेल्या असायच्या आणि समोरचा बाक रिकामा. शेवटी दवाखाना चालवणाऱ्या वरच्यांनी ठरवलं, लोकांनाच विचारू; बायकांना गरज नसेल तर दुपारचा दवाखाना बंद करून तिथे सामान ठेवू. बाई आम्हाला म्हणाल्या, "माझी बाजू घेऊ नका, मुलींनो. पण नीट विचारा. त्या येत नाहीत म्हणजे त्या धडधाकट आहेत, हे माझ्या मनाला पटत नाही."

प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात आपण आजारी पडलात का?' त्यातला एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही, अशी आमच्या कचेरीतल्या साहेबांची सक्त ताकीद. पुरुष भरभरून सांगायचे. पडशापासून पायाच्या नखापर्यंत सगळं. बायका मात्र दारात उभ्या राहून म्हणायच्या, "नाही बाई." हातात लाटणं, नाहीतर कडेवर पोर, आणि नजर आत चुलीवर.

"ही वस्ती आहे की तालीम?" टाचणी म्हणाली. "सगळ्या पैलवानच दिसतात."

मला हसू आलं, पण कागदावर मी पुन्हा 'नाही'च लिहिलं. आमच्याच हातानं बाईंचा दवाखाना बंद होत होता.

मग एक दिवस आम्ही इस्त्रीवालीच्या खोलीत गेलो. पन्नाशीची बाई. खोलीभर ओल्या सुताचा आणि कोळशाचा वास. ती आधी कॉलर दाबायची, मग बाह्या, मग पाठ. उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं, आणि दर शर्टामागे ती खांदा असा झटकायची, जणू त्यावर कोणी बसलंय.

मी प्रश्न वाचला. ती म्हणाली, "नाही."

टाचणीला राहवलं नाही. "मावशी, मग हाताला काय बांधलंय? दागिना आहे का?"

"अगं तो दुखतो. बोटांत मुंग्या येतात. इस्त्री कधी हातातून सुटते ते कळत नाही."

"म्हणजे आजारी पडलात की."

तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि आमच्याकडे नीट पाहिलं. आम्ही थट्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं.

"पडले कुठे? ही उभी आहे ना तुमच्यासमोर. पडायला मागे कोणीतरी लागतं, पोरी. मी आपलं अंगावर काढलं."

आम्ही दोघी रस्त्यावर आलो. मग टाचणी हळूच म्हणाली, "सगळ्याजणी खरंच बोलत होत्या गं."

साहेबांना सांगितलं. ते नियमाचे कडक होते, रागावणार असंच वाटलं होतं. त्यांनी छापील प्रश्न पुढे घेतला आणि 'पडलात' या शब्दावर बोट ठेवलं. "माझी आईसुद्धा नाहीच म्हणाली असती," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न हातात आला : 'गेल्या वर्षभरात आपण काय काय अंगावर काढलंत?' तो घेऊन आम्ही पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात केली.

त्यानंतर जे पाहिलं, ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. प्रश्न ऐकला की बाई क्षणभर थांबायची. मग "थांब हं," म्हणून हातातलं खाली ठेवायची. आणि बसायची. उंबऱ्यावर, उलट्या बादलीवर, जिन्याच्या पायरीवर. तोवर त्या वस्तीतल्या बायकांना मी बसलेलं पाहिलंच नव्हतं. एकीला एका कानानं ऐकू येत नव्हतं. दुसरा कान पुढे करायची तिला इतकी सवय झालेली, की घरात कुणाला पत्ताच नाही. एकीनं मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला बांधून धुणी धुतली होती. एकीच्या अंगावरून महिनोन्‌महिने जात होतं. ती ते इतक्या शांतपणे सांगत होती, की माझीच लेखणी थांबली. संध्याकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बायका बसून एकमेकींना सांगत होत्या. मी मधोमध उभी होते. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हाही मी अशी बघत राहिले नव्हते.

घरी गेले. आईबाप लहानपणीच गेलेले. मला दादा-वहिनींनीच वाढवलं. वहिनी भांडी घासत होती. मी पाठीमागे उभी राहून सगळं सांगितलं आणि गमतीनं म्हटलं, "वहिनी, तू काय अंगावर काढलंस?"

"मला काय धाड भरलीये?"

ती हसली. एक पातेलं विसळलं. मग नळ बंद केला, पदराला हात पुसले, आणि बसली.

जिना चढताना तिचा जीव घाबरा होत होता. म्हणून ती मधल्या वळणावर थांबायची, आणि आम्हाला वाटायचं, ती शेजारणीशी गप्पा मारतेय.

दुसऱ्याच दुपारी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाकावर जागा नव्हती. इस्त्रीवालीनं सरकून तिला बसवलं. बाईंनी छातीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती.

वहिनीचं ऑपरेशन झालं. माझ्या लेकीचं लग्न तिनं पाहिलं, आणि त्यात जेवणाला नावंही ठेवली. दुपारचा दवाखाना चालू राहिला. डॉक्टरीणबाई निवृत्त होईपर्यंत तिथेच होत्या. साहेबांनी पुढे प्रत्येक सर्व्हेत तो प्रश्न घातला, आणि छापण्याआधी तो आपल्या बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचे, असं ऐकलं. टाचणी नर्स झाली. इंजेक्शन देते म्हणजे नाव सार्थ केलं, असं तीच सांगायची. इस्त्रीवालीचा हात पुरता सुधारला नाही, पण तिनं एक उंच स्टूल करवून घेतलं आणि शेवटपर्यंत बसून इस्त्री केली.

मी आता सत्तरी ओलांडली आहे. नात फोनवर विचारते, "आजी, बरी आहेस ना?" मी आधी खुर्ची ओढून घेते. बसते. मग सांगते.