सासरी रिंग नसते

उज्वला काटे हिला माणसांचा राग नव्हता, तिटकारा होता तो प्रेक्षकांचा. इंदिरानगरात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. वय एक्कावन्न. तरुणपणी ती जिल्ह्याच्या संघातून बास्केटबॉल खेळली होती. घराजवळच्या मुलींच्या छोट्याशा कॉलेजचा एकही सामना तिनं गेल्या अठरा वर्षांत चुकवला नव्हता. मुली यायच्या, तीन वर्षं खेळायच्या, पदवी घेऊन जायच्या. उज्वला मात्र राहायची.

आपल्याच बाजूला बसणाऱ्यांना ती कवडीची किंमत देत नसे. संघाची कप्तान वेदिका दराडे हिचे वडील महेश दराडे बँकेत साहेब होते. चेंडू आपल्याच मुलींच्या हातात असताना हा गृहस्थ "डिफेन्स! डिफेन्स!" ओरडायचा, आणि वर आजूबाजूच्यांना नियम समजावून सांगायचा. बाकीचे आईबाप थर्मास आणि बसायच्या उशा घेऊन यायचे, आपली मुलगी बाकावर गेली की फोनमध्ये डोकं घालायचे. उज्वला मनात म्हणायची, यांना लग्नाच्या हॉलात बसवा आणि इथे बसवा, फरक कळणार नाही.

पण समोर, पिंपळगावच्या कॉलेजच्या बाजूला जे बसत, त्यांच्यासाठी तिच्याकडे शब्दच नव्हते. त्यांचा म्होरक्या फकिरा निकम. द्राक्षाच्या पॅकहाउसवर मुकादम. सामना असला की टेम्पोत पंधरा-वीस माणसं भरून यायचा, सोबत हलगी. पंचांनी हलगी बाहेर ठेवायला लावली की हा तोंडानं वाजवायचा. बास्केटबॉल चालू आणि हा ओरडणार, "धर! धर तिला! सोडू नको!" जसं काही कबड्डीच. त्याची पुतणी कधीकाळी त्या संघात होती. ती शिकून पुण्याला गेली, तरी फकिराचं येणं थांबलं नव्हतं.

गेल्या वर्षी उज्वला त्याला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "अहो, आधी खेळ शिका, मग ओरडा."

फकिरानं हसून उत्तर दिलं होतं, "बाई, तुम्ही ब्लाउज शिवा. खेळायचं पोरींवर सोडा." त्याची सगळी पलटण खिदळली होती. ते हसणं उज्वला विसरली नव्हती.

तिचा स्वतःचा एक नियम होता. फ्री थ्रोच्या वेळी, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या फेकीला, तोंड बंद. मुलगी रेषेवर एकटी उभी असते, तेव्हा तिला विचलित करणारा माणूस हलकट, मग तो कुठल्याही बाजूचा असो. हे ती दराडेंना ऐकवायची, कॉलेजच्या मुलींना ऐकवायची. तिचं म्हणणं सगळे मानायचे, निदान तिच्यासमोर.

जानेवारीत त्यांच्या विभागाचा अंतिम सामना ठरला, इंदिरानगर आणि पिंपळगाव. आठवडाभर आधी एक उंच, सावळी मुलगी दुकानात आली. उज्वलानं तिला लगेच ओळखलं. भाग्यश्री गांगुर्डे, पिंपळगावच्या संघाची सगळ्यात चांगली खेळाडू. दिंडोरीकडच्या खेड्यातली, घरची द्राक्षबाग. मावशी इंदिरानगरात राहते म्हणून ब्लाउज शिवायला इकडे आली होती.

"साखरपुड्याचा आहे," ती हळूच म्हणाली. "मावशी, निवड होईपर्यंत कुणाला सांगू नका हं. सरांना कळलं तर विद्यापीठाच्या संघाच्या निवडीत माझं नाव पाठवणार नाहीत. लग्न झालेल्या पोरी खेळत नाहीत, असं म्हणतात ते. लग्नाला अजून चार महिने हायेत. तोवर तरी खेळून घेते."

"माझ्या दुकानातलं माझ्या दुकानात राहतं," उज्वला म्हणाली. मापं घेताना तिनं तिच्या उडीचं कौतुकही केलं. भाग्यश्री लाजली. ब्लाउज वेळेवर झाला, तिची मावशी येऊन घेऊन गेली.

अंतिम सामना रंगला. वेदिका आणि भाग्यश्री एकमेकींना सोडत नव्हत्या. पडत होत्या, हात देऊन उठवत होत्या, परत भिडत होत्या. कोर्टाबाहेर मात्र नुसता चिखल. दराडेंच्या टोळक्यानं पिंपळगावच्या कांदाबाजारावरून "कांदा, कांदा" सुरू केलं. पलीकडून फकिराची माणसं ओरडली, "पावडर पुसा, पावडर! घाम आला!" उज्वला दोन्हीकडे बघून नाक मुरडत होती. या असल्या लोकांसाठी का खेळतात या मुली, असं तिला वाटत होतं.

शेवटचे आठ सेकंद उरले. इंदिरानगर एका गुणानं पुढे. भाग्यश्री रिंगखाली घुसली, तिला धक्का लागला आणि पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. दोन्ही पडले की पिंपळगाव पुढे.

फकिरा उठून उभा राहिला. त्यानं सरळ उज्वलाकडे बोट दाखवलं आणि हवेत सुई-दोरा चालवल्याचा आव आणला. त्याची माणसं फिदीफिदी हसली.

उज्वलाच्या कानशिलात काहीतरी तडकलं. भाग्यश्रीनं चेंडू दोनदा टप्पा मारून हातात धरला होता. सगळं शांत होतं. आणि त्या शांततेत उज्वलाचाच आवाज खणखणीत उमटला.

"टाकून घे गं भाग्यश्री, शेवटचे! सासरी रिंग नसते!"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग दराडे खदखदून हसले, मागोमाग सगळी बाजू हसली. पिंपळगावच्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांच्या सरांनी मान वळवली आणि भाग्यश्रीकडे रोखून पाहिलं. भाग्यश्रीनं प्रेक्षकांत पाहिलं. आवाज कुणाचा, हे तिला शोधावं लागलं नाही.

पहिला चेंडू रिंगच्या कडेवर आपटून बाहेर आला. दुसरा रिंगला शिवलासुद्धा नाही.

इंदिरानगर जिंकलं.

लोक उज्वलाच्या भोवती जमले. ज्यांना तिनं अठरा वर्षं जवळ फिरकू दिलं नव्हतं, ते तिच्या पाठीवर थापा मारत होते. "मावशी, एक नंबर! काय टाकलंत हो!" दराडे म्हणाले. "सगळं रेकॉर्ड केलंय. ग्रुपवर टाकतो." त्यांच्या तोंडाला चिवड्याचा वास येत होता. उज्वलाला वाटलं, यांच्यात आणि आपल्यात आता काय फरक राहिला?

फकिरा कोर्ट ओलांडून आला. ती शिवीच्या तयारीत राहिली. पण त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"पोरगी म्हणती, तिनं ब्लाउज शिवायला टाकला होता तुमच्याकडं," तो म्हणाला. "आम्ही अडाणी, बाई. लय वंगाळ बोलतो, बोंबलतो. पण कुणी विश्वासानं सांगितलेलं असं चव्हाट्यावर नाय मांडत." तो वळला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "चला रे, जिंकलेल्या पोरींना टाळ्या द्या." आणि त्या पंधरा-वीस जणांनी खरोखरच उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कप घेऊन फोटो काढायची वेळ आली तेव्हा कुणीतरी उज्वलाला पुढे ओढलं. वेदिका बाजूला झाली.

"मावशी, तुम्ही नको," ती म्हणाली.

"अगं, मी..."

"तिला मी हरवणार होते. कदाचित तिनंच मला हरवलं असतं. आता ते कधीच कळणार नाही." कप दुसऱ्या मुलीच्या हातात देऊन वेदिका पिंपळगावच्या बाकाकडे गेली आणि भाग्यश्रीच्या शेजारी जाऊन बसली. भाग्यश्रीनं तिला उठ म्हटलं नाही.

चार दिवस उज्वलानं स्वतःची समजूत घातली. रागात निघून गेलं तोंडून. खेळात चालतं. पाचव्या दिवशी ती दिंडोरीची एसटी धरून गेली. भाग्यश्री बागेत होती, आजी भागुबाई आणि दोन बायांबरोबर घडातले खराब मणी कातरून काढत होती. उज्वलाला पाहून ती थांबली नाही. कात्री चालत राहिली.

"चुकलं माझं," उज्वला म्हणाली.

"हो," भाग्यश्री म्हणाली.

"काही... नुकसान झालं का?"

"सरांनी निवडीतून नाव काढलं."

भागुबाईनं मान वर केली. "ही कोण गं?"

"शिंपीण आहे, आजी."

ते 'शिंपीण' उज्वलाला कानाखाली बसल्यासारखं लागलं. तरी ती बोलली, "मी येते सरांशी बोलायला. मी जुनी खेळाडू आहे, माझं ऐकतील."

भाग्यश्रीनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर उज्वलाला बरं वाटलं असतं. दराडेंकडे बघताना तिची स्वतःची जशी नजर असायची, तशीच ती होती. "नको. तुम्ही काही बोलू नका. तुम्ही बोललात की काय होतं ते बघितलंय मी."

भागुबाईनं पाणी आणायला सांगितलं, पण उज्वला थांबली नाही.

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी वेदिकाच्या एका मैत्रिणीकडून तिला समजलं, की भाग्यश्रीचं नाव परत गेलं आहे. फकिरा दोन दिवस, ऐन हंगामात पॅकहाउसचं काम टाकून, सरांच्या दारात बसला होता. "लगीन चार महिन्यांनी हाय, निवड आत्ता हाय," एवढं एकच तो सारखं म्हणत राहिला. शेवटी सर कंटाळले. उज्वलानं हे ऐकलं आणि हातातलं कापड वाकडं कापलं.

चाचणीला ती गेली. दराडेंनी लांबूनच हात केला, सरकून जागा दिली. "या मावशी! आज कुणाची विकेट?"

ती त्यांच्यासमोरून पुढे गेली. पलीकडे पिंपळगावची माणसं बसली होती. त्यांच्या पायरीपाशी ती थांबली. कुणी सरकलं नाही. फकिरानं तिच्याकडे पाहिलं, पान थुंकून आला आणि म्हणाला, "उभं राहायचं तर राहा. बसायला जागा नाय."

जागा भरपूर होती. उज्वला उभी राहिली.

दोन तास ती तशीच उभी होती. भाग्यश्री आणि वेदिका आज एकाच बाजूनं खेळत होत्या, न बघता एकमेकींना चेंडू देत होत्या. फकिरा "धर! धर!" ओरडत होता. मध्येच भाग्यश्रीला फ्री थ्रो मिळाले, तेव्हा तो स्वतः तोंडावर हात ठेवून गप्प बसला आणि माणसांनाही गप्प केलं. दोन्ही चेंडू पडले. उज्वलानं टाळ्यांसाठी हात उचलले, पण शेजारच्या म्हाताऱ्यानं तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिनं ते खाली घेतले.

संध्याकाळी यादी लागली. दोघींची नावं होती. पिंपळगावचा टेम्पो हलगी वाजवत निघाला, वेदिकाही त्यांच्यात नाचत होती. उज्वला फाटकाच्या बाजूला उभी होती. टेम्पो तिच्या जवळून गेला. भाग्यश्री मागच्या फळीवर बसली होती. तिचं तोंड उज्वलाकडेच होतं, पण तिनं ओळख दाखवली नाही.