उभ्या गाडीचे एकसष्ट किलोमीटर

विम्याच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, गाडी वापरात आहे का. गेली तीन वर्षं मी तिथे "नाही" लिहिते. मग विचारतात, कुठे उभी असते. "खाजगी जागेत, घरामागे, कव्हर घालून." शेवटी चालकाचं नाव. तिथे एक आडवी रेघ. ही उत्तरं मी झोपेतही देऊ शकेन, आणि खरं सांगायचं तर हल्ली मी निम्मा दिवस झोपेतच असते.

मी कापडाच्या कारखान्यात तपासणीला आहे. उजेडाच्या टेबलावरून दिवसभर कापड सरकत राहतं आणि मी डाग, गाठी, सुटलेले धागे शोधत उभी असते. संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावत नाहीत. त्यात घर सांभाळायचं. आणि त्यावर आई-बाबा, ते राहतात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाबांच्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन, आईची शुगर, दातांचा डॉक्टर, औषधं, किराणा. सगळी ने-आण माझ्या गाडीतून, माझ्या सुट्टीच्या दिवशी. धाकटा भाऊ लांब असतो, तो फोनवरून काळजी करतो. ते त्याला छान जमतं.

त्यांच्या घरामागे उभी असते ती बाबांची गाडी. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे काय, एक गाडी आणि बाबा. गाडीला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसलेल्या बाबांच्या पायाशी. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना क्लच सोडायला शिकवलं. अजूनही रस्त्यात कुणी ना कुणी थांबून म्हणतं, सर, तुमच्यामुळे गाडी आली. घरात मात्र फक्त मला शिकवलं आणि जन्माची ड्रायव्हर करून ठेवलं. धाकट्याला शिकवलं नाही, कारण तो ऐकायचा नाही. आईला शिकवलं नाही, कारण बाबा म्हणतात, तिने कधी विचारलंच नाही. आई म्हणते, विचारलं होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा मला शेजारी बसवून बाजारात निघाले होते. शाळेच्या कोपऱ्यावर एक मुलगी सायकलवरून आडवी आली. मला ती कधीची दिसत होती. बाबांना दिसत नव्हती. मी दोन्ही पायांनी दुसरा ब्रेक दाबला तेव्हा सायकल आणि बंपर यांच्यात वीतभर जागा उरली. मुलगी आमच्याकडे न बघता निघूनही गेली. आणि बाबा माझ्यावर वैतागले, "मध्येच ब्रेक कशाला मारलास?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद. मी म्हटलं, विकून टाकू. बाबा हो म्हणाले आणि जेवायचे बंद झाले. रुसवाफुगवा नाही, आदळआपट नाही. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, उठायचे. चौथ्या दिवशी आईचा फोन आला, "तूच काहीतरी कर बाई, मी हात टेकले."

मग मी हा मधला मार्ग काढला. गाडी रस्त्यावर येणार नाही असं वाहन कार्यालयात लिहून द्यायचं आणि विमा फक्त उभ्या गाडीचा घ्यायचा. आग लागली, चोरीला गेली, झाड पडलं, तर कंपनी बघेल. चाक फाटकाबाहेर पडलं तर विमा संपला. किल्ली माझ्याकडे. आणि बाबांनी मला कागदावर लिहून दिलं, "मी या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावणार नाही. लावल्यास गाडी विकावी." खाली सही, तारीख. बाबा शब्दाचे पक्के. फक्त जेवढा शब्द दिलाय तेवढाच पाळतात, ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

यंदा कंपनीने सर्व्हेअर पाठवला. वर्षातून एकदा पाहणी असते, गाडी आहे ना, उभीच आहे ना, मीटरवर आकडा किती. मागच्या वर्षीही हाच आला होता. पन्नाशीचा माणूस, खिशाला दोन पेनं, धुळीने शिंकणारा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते आणि डोक्यात एकच होतं, हे अर्ध्या तासात आटपलं तर निदान भाजी घेऊन घरी जाता येईल.

त्याने कव्हर ओढलं. मी किल्ली दिली. त्याने ती फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी आपली म्हटलं, बॅटरी चांगली निघाली.

सर्व्हेअरने मीटर बघितला. मग मोबाइलमध्ये मागच्या वर्षीचा फोटो उघडला, पुन्हा मीटर बघितला.

"ताई, एकसष्ट किलोमीटर वाढलेत."

"चुकीचं वाचत असाल."

त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. मी दिवसभर डागच शोधते, आकडे मला दिसतात. एकसष्टच होते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुसरी किल्ली असणार, स्कूलच्या गाडीला दोन किल्ल्या असतातच, हे मला तीन वर्षांत सुचू नये? एकसष्ट किलोमीटर. शाळेच्या कोपऱ्यावरून किती वेळा जाऊन आले असतील? कुणाला धक्का लागला असेल आणि यांना कळलंही नसेल. सर्व्हेअर म्हणाला, "रस्त्यावर नेली असेल तर मला पॉलिसी रद्द करायला लागेल." मी म्हटलं, "पॉलिसीचं सोडा हो." आणि तरातरा घरात गेले.

बाबा खुर्चीत बसले होते, रेडिओ मांडीवर. आई भाजी निवडत होती. मी दारातूनच सुरू झाले. सही केली होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती सायकलवाली मुलगी आठवते का, उद्याच्या उद्या गाडी विकायची, आता तुम्ही जेवा नाहीतर उपाशी राहा. हे शेवटचं मी खरंच म्हणाले.

बाबांनी रेडिओ बंद केला. "मी स्टिअरिंगला बोट लावलेलं नाही."

"मग काय भुताने चालवली?"

"तुझ्या आईने."

मी आईकडे बघितलं. ती देठ मोडत होती. मोडून झाल्यावर म्हणाली, "रस्त्यावर नाही गं नेली. मागेच फिरवते, टाकीभोवती."

सर्व्हेअर माझ्या मागून दारात येऊन उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तसाच मागे वळला. मीही गेले. घरामागच्या मोकळ्या जागेत मधोमध पाण्याची जुनी टाकी आहे. तिच्या भोवतीचं गवत गोल झिजलं होतं, दोन पट्टे, मध्ये हिरवं. मी वर्षभर या घरी येत होते, पण पुढच्या दाराने यायचं, हॉर्न वाजवायचा, यांना गाडीत घालायचं आणि निघायचं. मागे कोण बघतंय.

सर्व्हेअर त्या पट्ट्यावरून पावलं मोजत गेला. परत येऊन हिशेब केला आणि म्हणाला, "आठशेच्या आसपास फेऱ्या होतात, काकू."

"सातशे नव्वद," आई म्हणाली. "पावसाळा सोडून रोज सकाळी चार फेऱ्या. ऊन चढायच्या आत."

"दाखव त्यांना," बाबा म्हणाले.

"आता कशाला."

"अगं, दाखव म्हणतो ना."

आईने पदराला हात पुसले. सीट पुढे ओढली, आरसा हलवला, पट्टा लावला. बाबा दार चाचपत शेजारच्या सीटवर बसले आणि पाय त्यांच्या ब्रेकवर ठेवला. गाडी निघाली. सदुसष्ट वर्षांची माझी आई, जिला मिक्सरचं बटण दाबताना अजून डोळे मिटायची सवय आहे, ती टाकीला वळसा घालत होती. बाबांना पुढचं दिसत नव्हतं, ते मान कलती करून इंजिन ऐकत होते. "दुसरा टाक," म्हणाले. तिने टाकला. खरखर नाही, धक्का नाही. फेरी पुरी करून गाडी होती त्याच जागी येऊन थांबली.

मला अभिमान वाटला आणि त्याच वेळी इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना.

"सांगितलं का नाही मला?"

"तू नाही म्हणाली असतीस," आई खाली उतरत म्हणाली.

"म्हणालेच असते. या वयात हे कशाला? मी आहे ना न्यायला-आणायला."

आईने बाबांकडे बघितलं. बाबा अजून गाडीतच होते, दार उघडं, एक पाय बाहेर.

"मागच्या वर्षी," ते म्हणाले, "इंजेक्शन घेऊन येताना तू औषधाच्या दुकानासमोर गाडी लावलीस. बहुतेक मावशीच्या मुलीचा फोन होता. तुला वाटलं, मी झोपलोय."

मला लगेच आठवलं. आठवू नये असं वाटत असतानाच आठवलं.

"तू तिला म्हणालीस, यांचं सगळं उरकता उरकता माझा एकुलता एक रविवार जातो. म्हणालीस, कधी सुटणार मी यातून, देवाला माहीत." बाबांच्या आवाजात तक्रार नव्हती, एखाद्या विद्यार्थ्याची चूक सांगावी तसं सांगत होते. "डोळ्यांवर पट्टी होती. कानांवर नव्हती."

सर्व्हेअर टाकीकडे तोंड करून उभा राहिला. बिचारा दुसरीकडे कुठे बघणार?

"मी तसं म्हटलं नव्हतं," मी म्हणाले. "म्हणजे, म्हटलं असेल. दमलेली होते, बाबा. माणूस बोलून जातं."

"बोलावंच," बाबा म्हणाले. "खोटं काय होतं त्यात? घरी आलो आणि हिला म्हटलं, तू मला चाळीस वर्षांपूर्वी विचारलं होतंस. उद्यापासून बस."

"कबूल केलंत एकदाचं," आई म्हणाली. मग घरात जाऊन एक प्लास्टिकचं पाकीट घेऊन आली. त्यात शिकाऊ लायसन्स होतं. फोटोत तिने केस घट्ट बांधले होते आणि कॅमेऱ्याकडे रागाने बघत होती. पक्क्या लायसन्सची परीक्षा पुढच्या महिन्यात. परीक्षेला कसं जाणार होतात, मी विचारलं. रिक्षाने, परीक्षेची गाडी तिथे भाड्याने मिळते, ती म्हणाली. तुला रजा पडायला नको.

मला तोंड लपवावंसं वाटलं. वर्षभर मी हॉर्न वाजवत होते आणि ही दोघं माझ्या नजरेला पडू नये म्हणून सकाळी चार फेऱ्या मारून, कव्हर पुन्हा नीट बांधून, तयार होऊन दारात उभी राहत होती.

सर्व्हेअर खाकरला. "काकू छान चालवतात, पण माझंही घोडं अडलंय. उभ्या गाडीच्या विम्यात रोज फेऱ्या बसत नाहीत, जागा खाजगी असली तरी. उभीच ठेवायची तर बॅटरी काढून, चाकाखाली ठोकळे लावून मला फोटो द्या. नाहीतर वापरातली गाडी म्हणून नवीन विमा घ्या, चालक म्हणून काकूंचं नाव. लायसन्स आलं की रस्त्यावर. तुम्ही काय ते सांगा, मी तसं लिहितो."

"बॅटरी काढा," आई पटकन म्हणाली. "उगाच हिच्या डोक्याला ताप नको. आम्ही आपली गंमत केली."

बाबांनी बाहेरचा पाय गाडीत घेतला आणि दार ओढून घेतलं. तो आवाज मला ओळखीचा होता. तीन वर्षांपूर्वी ताटावरून उठताना ते खुर्ची अशीच सरकवायचे.

मी सर्व्हेअरच्या हातातून फॉर्म घेतला. बॉनेटवर ठेवला. गाडी वापरात आहे का, तिथे "हो" लिहिलं. चालकाच्या रकान्यात आईचं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं नाही, सासरचं, लायसन्सवर होतं तसं. खाली सही केली.

"दवाखाना पाच किलोमीटर आहे," बाबा गाडीतून म्हणाले. आवाज उजळला होता त्यांचा. "मधला रस्ता घेतला तर एकच सिग्नल. तो रस्ता मी हिला तोंडी शिकवलाय."

सर्व्हेअरने फॉर्म नीट घडी करून फाइलमध्ये घातला, आईला नमस्कार केला, आणि शिंकत शिंकत फाटकाबाहेर पडला. आई त्याला सोडून परत आली. कव्हर घालायला हवं होतं, पण ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"म्हणजे आता तू रविवारची यायची नाहीस," ती म्हणाली.

विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी लगेच म्हटलं, असं काय बोलतेस, येणार म्हणजे काय, येणारच. पण त्याच्या आधी क्षणभर मला हायसं वाटलं होतं, आणि ते तिने माझ्या तोंडावर बघितलं होतं.