टॉवेलाखालचा दांडा

मी एक जुना दांडा आहे. हसलात ना? हसा बापडे. फाटक्या छत्रीचं, बंद पडलेल्या घड्याळाचं मनोगत तुम्ही शाळेत लिहिलं असेल, पण दांड्याला कधी कोणी विचारलं नाही की बाबा रे, तुझं कसं चाललंय. माझं काम एकच. लोक मला धरतात. सगळा जन्म त्यातच गेला आणि खरं सांगू का मित्रांनो, आता कंटाळा आलाय. अंग दुखतंय म्हणावं तर कोणाला पटणार नाही, म्हणून गप्प असतो.

भोसरीच्या एका शेडमध्ये मला घडवलं. तिथून मी गेलो शहर बसमध्ये, छताखाली आडवा. पिंपरीहून चाकणला जायचं आणि परत यायचं. पहिल्या शिफ्टची माणसं अर्ध्या झोपेत मला लोंबकळायची. ओव्हरटाइम करून परतणाऱ्यांच्या हाताला ग्रीसचा वास असायचा. कंडक्टर ओरडायचा, "पुढे सरका, पुढे बस मोकळी आहे!" पुढे कधीच मोकळं नसायचं, पण ते ऐकून ऐकून माझीही भाषा तशीच झाली. दसऱ्याला ड्रायव्हर मला झेंडूची माळ बांधायचा. वर्षभरात कौतुक म्हणायचं तर तेवढंच, बाकी नुसता घाम. पण एक सांगतो, ब्रेक कितीही करकचून लागला तरी ज्यानं मला धरलं तो पडला नाही. याचा मला गर्व आहे, आणि तो मी सोडणार नाही.

बस म्हातारी झाली आणि भंगारात गेली. मी म्हटलं, सुटलो एकदाचा! कसला सुटतोय. एका फिटरनं मला भंगारातून उचललं, कापून हातभर केलं, दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या जोडल्या आणि माण-मारुंजीच्या बाजूला असलेल्या एका वृद्धनिवासात आणलं. तिथे एका बाथरूमच्या भिंतीवर, कमोडच्या शेजारी, मला ठोकून तो निघून गेला. भिंत पोकळ विटांची आणि स्क्रू आखूड. त्याला पुढच्या कामाची घाई होती. अरे राजा, इथे म्हातारी माणसं माझ्यावर भार टाकणार आहेत, असं मी मनात ओरडलो. पण दांड्याचं कोण ऐकतंय?

ती खोली अंबुबाईंची. अंबुबाई मूळच्या माण गावच्याच, शेतकऱ्याघरच्या. त्यांच्या शेतात आता काचेच्या इमारती आहेत. मुलगा-सून अकराव्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टमध्ये शिरलं की अंबुबाईंचा जीव घाबरा होतो, म्हणून त्या इथे तळमजल्यावर आल्या. त्यांचा एक खुबा मोडून बसवलेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आजी, आता पुन्हा पडलात तर अंथरुणातून उठणं नाही.

त्यामुळे माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. उठताना मला म्हणायच्या, "धर रं माझ्या लेका, तुझ्यावरच हाय समदं." दसऱ्याला त्यांनी मला हळदीकुंकू लावलं. म्हणाल्या, "नांगराला लावत व्हते, आता नांगर न्हाई. तू हायेस." मित्रांनो, मी लोखंडाचा असलो तरी मला भरून आलं.

आणि नेमका तेव्हाच मी ढिला होऊ लागलो होतो. माझ्यावर ओल्या चादरी वाळत पडायच्या, भरलेली बादली टांगली जायची. हळूहळू माझं एक टोक भिंतीतून सुटत चाललं. खोलीची सगळी देखभाल करणारी मुलगी होती स्वरूपा. बीडकडून आलेली, दिवसभर पायाला भिंगरी लावून पळणारी. तिच्या ते लगेच लक्षात आलं. तिनं व्यवस्थापक कुलदीप सरांना सांगितलं. सर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "बघू, पुढच्या आठवड्यात." पुढचा आठवडा बसमधल्या त्या मोकळ्या जागेसारखाच निघाला. सगळे सांगतात आहे, कोणाला सापडत नाही.

"आजी, दांड्याला धरायचं नाही हां. मला हाक मारा," असं स्वरूपा रोज बजावायची. अंबुबाई "व्हय गं पोरी" म्हणायच्या आणि हाक काही मारायच्या नाहीत. पोरीला सतराशे साठ कामं, त्यात आपली भर कशाला? एक हात भिंतीला टेकून, दुसरा माझ्यावर अलगद ठेवून त्या उठायच्या. त्या अलगद हातानंही माझं टोक करकरायचं. बसमध्ये साठ माणसं लोंबकळली तेव्हा मी घाबरलो नव्हतो. त्या एकट्या म्हातारीच्या हाताखाली रोज माझा थरकाप व्हायचा.

मग एक दिवस तपासणी येणार असं कळलं. ज्या संस्थेचं हे घर होतं, तिची अशी आणखी घरं होती. सगळीकडे जाऊन स्वच्छता, जेवण, सुरक्षितता बघायला पिंपरीच्या कचेरीतून कुसुमताई नावाच्या बाई यायच्या. आदल्या दिवशी कुलदीप सरांनी खोलीच्या दारातच स्वरूपाला सुनावलं, "तुझ्या खोल्यांत काही कमी निघालं तर जबाबदारी तुझी. मग नोकरीचं मला विचारायचं नाही." अंबुबाई पलंगावर डोळे मिटून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या.

सकाळी त्यांनी ट्रंकेतून एक कोरा टॉवेल काढला. कुठल्याशा लग्नातल्या टॉवेल-टोपीच्या आहेरातला उरलेला, घडीही न मोडलेला. तो त्यांनी माझ्या ढिल्या टोकावर नीट पसरला आणि म्हणाल्या, "गप ऱ्हा बाबा आजचा दिस. पोरीचं प्वाट हाय यावर. पाव्हणं आलं, बघितलं, गेलं, की काढते."

मला असा राग आला! अहो अंबुबाई, पोरीची नोकरी वाचवाल, पण तुमच्या खुब्याचं काय? मला झाकून मी घट्ट होणार आहे का?

कुसुमताई आल्या. साठीला टेकलेल्या, गुडघ्यांनी जेरीला आलेल्या, दोन बस बदलून आलेल्या. बाथरूममध्ये डोकावून त्यांनी दिवा लावला, नळ सोडला, फरशी बुटानं घासून बघितली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दांडा आहे. आणि टॉवेलसुद्धा कोरा! छान ठेवलंय हो." झाली माझी तपासणी. हात लावला नाही की ओढून बघितलं नाही.

मग त्यांनी बाहेर विचारलेलं मला ऐकू आलं. "आजी, सगळं ठीक ना?"

"समदं ब्येस हाय."

"काही त्रास? काही कमी?"

"छ्या! कमी कसली? ही स्वरूपा तर लेकीच्या वर हाय."

कुसुमताई उठू लागल्या तशा अंबुबाई म्हणाल्या, "च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई."

"नको आजी. मी तपासणीला आलेय, चहा घेत नाही."

"पाव्हणं तोंडाला पाणी बी न लावता माघारी जातं व्हय? बसा गप."

बसल्या बिचाऱ्या. चहा झाला. दोघींच्या गुडघ्यांची, अंबुबाईंच्या खुब्याची सुखदुःखं झाली. आणि मग कुसुमताई जरा ओशाळून म्हणाल्या, "आजी, तुमचं बाथरूम वापरू का? बसचा प्रवास लांबचा आहे."

अंबुबाईंनी काठी ओढून जवळ घेतली. मग म्हणाल्या, "घर तुमचंच हाय की."

कुसुमताई आत आल्या, कडी लावली. आता बघा मित्रांनो माझी अवस्था. ज्या बाईंनी मला नुसतं बघून पास केलं, त्याच आता माझ्या भरवशावर उठणार होत्या. मी भिंतीला चिकटून राहायला बघत होतो, पण धरायला भिंतीत होतं काय? बोला ना अंबुबाई, बोला! कुसुमताईंचा हात टॉवेलावर आला. बसमध्ये उभ्यानं जन्म काढलेल्या माणसाचा हात. असा हात एकदा पडला की सगळा भार टाकतो.

तेवढ्यात दारावर काठी दणादण आपटली.

"बाई! दांड्याला धरू नगा! त्यो ढिल्ला हाय, पडशीला!"

हात जागीच थांबला. कुसुमताई दुसरीकडे भिंतीला टेकून सावकाश उठल्या. मग त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि मला एकच हिसका दिला. भसकन प्लास्टर सुटलं आणि माझं टोक त्यांच्या हातात आलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा निखळलो. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

दार उघडलं. अंबुबाई काठीवर भार टाकून उभ्या होत्या.

"आजी, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तुम्ही रोज यालाच धरून उठता? तुमचा तर खुबा मोडलेला आहे. स्वतः पडायला तयार होता, आणि मी धरणार म्हटल्यावर ओरडलात?"

"तुमी पाव्हण्या. माझ्या दारात तुमाला काय झालं असतं तर मी कुठं त्वांड दाखवलं असतं?" अंबुबाईंनी टॉवेलाकडे बोट केलं. "टावेल मी टाकला, बाई. पोरीनं न्हाई. पोरीला काय म्हनू नगा."

आवाज ऐकून स्वरूपा धावत आली आणि भिंतीचं भगदाड बघून रडायलाच लागली. "मॅडम, म्या सांगितलं होतं सरांना. लई वेळा सांगितलं."

मागोमाग कुलदीप सर. "मॅडम, ते करणारच होतो. पुढच्या आठवड्यात—"

कुसुमताई पलंगावर टेकल्या. चिडल्या नाहीत, थकून गेल्या होत्या. म्हणाल्या, "कुलदीप, आज. लांब बोल्ट आणि भिंतीच्या मागून पट्टी लावून. झाल्याशिवाय मी हलणार नाही. आणि सांगणाऱ्या मुलीवर खापर फोडलंत तर पुढचं बोलणं कचेरीत होईल." मग अंबुबाईंकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी तरी काय केलं? टॉवेलाचं कौतुक करून मोकळी झाले."

फिटर आला. तो मला फेकून नवा चकचकीत दांडा लावायला निघाला होता, पण अंबुबाई अडून बसल्या. "ह्यात खोट न्हाई. ह्यालाच बसवा." आता मी असा बसलोय की भिंत पडेल, पण मी पडणार नाही. बोल्ट आवळून झाल्यावर कुसुमताईंनी स्वतः हात लावला नाही. अंबुबाईंना पुढे केलं. "ओढा, आजी. आता तुम्ही पास करायचं." अंबुबाईंनी दोन्ही हातांनी मला ओढलं. मी हललो नाही. त्या हसल्या, आणि मला भंगारातून वर आल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

पुढच्या तपासणीला कुसुमताई आल्या आणि सवयीनं बोलून गेल्या, "आजी, सगळं ठीक ना?"

"च्या घे आधी," अंबुबाई म्हणाल्या. "अन् नीट बस, उठायची घाई करू नगंस. मागल्या खेपेला तू पाव्हणी व्हतीस. आता घरची झालीस. आता ऐक. आमटीत डाळ हुडकावी लागती. मागल्या दाराचा दिवा गेलाय. अन् शेजारच्या खोलीतल्या सोनबांची खाट हलती, ती आधी वढून बघ."

मित्रांनो, मला शहाणपण शिकवता येत नाही. मी धरायची वस्तू. पण तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल तर 'सगळं ठीक ना' एवढंच विचारून निघून जाऊ नका. त्याला उत्तर एकच मिळतं. जवळ बसा, चहा होऊ द्या. आणि ते ज्याला धरून उठतात ते एकदा स्वतःच्या हातानं ओढून बघा, त्यावर कितीही छान टॉवेल असला तरी.

काठी वाजतेय. अंबुबाई आल्या. चला, सरका आता, मला काम आहे.