जाळरेषा

दादाने धाकट्याचा दात पाडला तो माझ्या दुकानात, भर गिऱ्हाइकात. मी मटणाचं दुकान चालवते, त्यामुळे माझ्या ओट्यावर रक्त सांडणं ही काही बातमी नव्हे. पण ते रोज माझ्या घरचं नसतं. दात खिम्याच्या परातीत पडला आणि ती अख्खी परात मला टाकून द्यावी लागली.

भांडण कड्यावरच्या जोत्यावरून होतं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. माळ संपतो तिथे कडा आणि कड्याखाली समुद्र. माळावरच्या झुडपांना वर्षातून एकदा जांभळी फुलं येतात. मग दूरदूरची माणसं गाड्या काढून येतात आणि आमच्या रस्त्यात उभ्या करून जातात. सरकारला हे सौंदर्य उशिरा दिसलं, पण दिसलं. माळ आणि कडा संरक्षित म्हणून जाहीर झाले. तिथे बांधायचं नाही, खणायचं नाही, कुंपण घालायचं नाही, परवानगीशिवाय काडी ओढायची नाही. धाकटा वनखात्यात रक्षक म्हणून लागला आणि वाटणीत कड्यावरचा तुकडा नेमका दादाच्या वाट्याला आला. देवाला आमच्या घराची थट्टा करायची लहर आली असावी.

दादाच्या डोक्यात एका हॉटेलवाल्याने भरवलं होतं. तो घरातसुद्धा काळा चष्मा काढत नसे, म्हणून मी त्याला गॉगल म्हणायचे. कड्यावर खोल्या काढू, खिडकी उघडली की समुद्र, असं त्याचं चाललेलं. दादाने गुपचूप जोतं बांधलं. धाकट्याने नोटीस स्वतः नेऊन दिली, वहिनीच्या हातचा चहा प्यायला, आणि मुदत संपल्यावर यंत्र नेऊन ते जोतं उखडून टाकलं.

"माझ्या दारात यंत्र आणलंस," दादा दुकानात शिरला तोच बोलत शिरला. धाकटा माझ्याकडे आतडी न्यायला आला होता, त्याच्या कुत्रीसाठी.

"दारात नाही, कड्यावर. तुझं दार खाली गावात आहे," धाकटा म्हणाला. कुठे गप्प बसावं हे त्याला कधी कळलंच नाही.

"माळ संरक्षित ठेवायचा की नाही ते ठरवायला परवा ती पाहणी समिती येतेय ना? माळावर झुडूपच उरलं नाही तर कशाची राखण करशील? काळी राख दाखवशील त्यांना?"

"दादा, माळ जळला तरी कायदा—"

तेवढ्यात ठोसा बसला. वाक्य अर्धंच राहिलं. धाकटा मागे आकड्यांवर आदळला, टांगलेली रांग हलली, आणि मग तोही उठून दादाच्या अंगावर गेला. दादाने त्याची मान पकडून डोकं लाकडी ठोकळ्यावर आपटलं. धाकट्याने दादाच्या कानाचा चावा घेतला. हो, चावाच. कर्ती माणसं, एकाला दोन मुली, दुसऱ्याच्या अंगावर सरकारी गणवेश, आणि दोघं ओट्यामागे लोळत होते. गिऱ्हाइकं पिशव्या छातीशी धरून बघत होती. मी मोठा सुरा उचलला आणि ठोकळ्यात मारला, दोघांच्या हातांच्या मधोमध.

"आपापली बोटं मोजून घ्या आणि चालते व्हा," मी म्हटलं.

ते गेले, पण वेगवेगळ्या दारांनी.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला दोघंही हवे होते. आई गेली तेव्हा धाकटा रांगत होता. दादाने त्याला खांद्यावर घेऊन मेंढ्या राखल्या, त्याला पहिला घास भरवला तोही दादाने. मी मधली, म्हणून दोघांच्या मध्ये उभी राहायची मला सवय झाली. लग्न केलं नाही त्याची कारणं लोकांनी पुष्कळ शोधली, पण खरं सांगायचं तर दोन पुरुष सांभाळून मी आधीच थकले होते. एक जरी गेला असता तरी दुसऱ्याकडे बघून मला जगता आलं नसतं.

आता माळ जाळण्याबद्दल सांगायला हवं. कायदा येण्याआधी ते आमच्या घराचं काम होतं. झुडूप म्हातारं झालं की लाकडासारखं होतं, मेंढी तोंड लावत नाही आणि फूलही धरत नाही. म्हणून थंडीत एकेक तुकडा जाळायचा. वाऱ्याला पाठ देऊन आग लावायची, म्हणजे ती वरवर पळते आणि मुळं जिवंत राहतात. पळती आग थांबावी म्हणून आदल्या दिवशी उतार संपतो तिथली झुडपं सपाट कापून मोकळा पट्टा काढायचा. ती जाळरेषा. आग तिथे येऊन उपाशी मरते. रेषेपलीकडे एक माणूस ओलं पोतं आणि फावडं घेऊन उभा राहतो, उडालेल्या ठिणग्या मारायला. त्या जागेला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटीच्या माणसाला धुरात काही म्हणजे काही दिसत नाही. ओरडायचं नाही, तोंडात धूर जातो, असा बाबांचा दंडक होता. फावड्यावर दगड वाजवायचा. ठण ठण ठण म्हणजे मी जागेवर आहे, येऊ दे आग.

आमच्यात दादा आग लावायचा, मी बाजू सांभाळायचे, धाकटा शेपटीला. जाळरेषा दादाच कापायचा, दुसऱ्या कुणाला विळा लावू द्यायचा नाही. आणि धाकट्याने ती रेषा कधीही जाऊन तपासली नाही. ते दादाचा अपमान केल्यासारखं झालं असतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, मी बरगड्या तोडत होते आणि माळावर धूर दिसला. कड्याकडून आत येणारा, पांढरा, रुंद. हातातलं काम टाकून मी बाहेर आले तर धाकट्याची गाडी समोरच थांबली. ओठ अजून सुजलेला होता.

"बस," तो म्हणाला. मी ॲप्रनसकट बसले.

वर जाताना त्याने काचेतून धुराकडे एकदाच नीट पाहिलं. "दादाचीच आहे. बघ ना, कशी सरळ रांगेत लावलीये. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." आवाजात राग होता, पण शपथेवर सांगते, थोडा अभिमानही होता. "माळ जाळून जमीन सुटत नाही, एवढं ऐकून घेतलं असतं तर दात तरी वाचला असता माझा."

"गाडी दामट," मी म्हटलं.

उताराच्या पायथ्याशी त्याने मला उतरवलं. तिथे धूर इतका दाट होता की गाडीचं तोंडही दिसेना. मागच्या भागातून त्याने पोतं ओढलं, पाण्याच्या कॅनमध्ये बुचकळलं, फावडं घेतलं. "मी शेपटीला थांबतो. रेषेवर मरेल ती. तू बाजूने वर जा आणि त्याला धरून ठेव. आग विझली की मी येतो आणि त्याच्या कानाखाली वाजवतो. आणि ताई, ह्या वेळी मध्ये सुरा घालू नकोस."

तो धुरात शिरला. मी बाजूने चढायला लागले. रेषा आहे का, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. दादाची आग म्हणजे रेषा असणारच.

दादा कड्याजवळ उभा होता, हातात तेलाचा डबा. त्याच्यापुढे काळी जमीन धुमसत होती आणि त्यापलीकडे आगीची पाठ दिसत होती, उतारावरून खाली पळत जाणारी. मी त्याच्या अंगावर धावले. शिव्या तयारच होत्या, आणि त्या मी दिल्याही. तो ऐकत नव्हता. मान तिरकी करून तो दुसरंच काहीतरी ऐकत होता.

ठण ठण ठण.

धुराच्या पलीकडून, खालून. सावकाश, शिस्तीत, बाबांनी शिकवलेलं.

दादाच्या हातातला डबा पडला. "तो कोण आहे?" त्याने विचारलं, जसं काही त्याला माहीत नव्हतं.

"कोण असणार? धाकटा. शेपटीला." मग मी त्याचा चेहरा पाहिला. "दादा, रेषा कापलीस ना?"

"कापलेलं दिसलं असतं समितीला," तो म्हणाला. "सहलीवाल्यांनी लावली असं वाटायला हवं होतं."

आणि तो पळाला. जळत्या जमिनीवरून, आगीच्या मागे. मीही पळाले. चपलांचे तळवे वितळून चिकटायला लागले. तो ओरडत होता, बाबांचा दंडक मोडून, तोंडात धूर भरत, धाकट्याचं लहानपणीचं लाडाचं नाव घेऊन. खालून फावडं अजून वाजत होतं. धाकटा आपल्या जागेवर होता. आग जवळ आली तरी तो हलणार नव्हता, कारण आजवर ती नेहमी रेषेवर थांबली होती.

मग फावडं वाजायचं थांबलं आणि किंकाळी आली. माझ्या धंद्यात मी जनावरांचे सगळे आवाज ऐकले आहेत. तसला आवाज ऐकला नव्हता.

दादा आगीच्या भिंतीत सरळ घुसला. मला पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी ॲप्रन काढून झोडपत सुटले, समोर येईल त्या ज्वाळेला, जमिनीला, धुराला. किती वेळ ते सांगता येणार नाही. आग रस्त्यापर्यंत गेली आणि डांबरावर मेली, धाकट्याची गाडी घेऊन. मग धूर विरळ झाला. दादा पायथ्याच्या ओढ्यात, चिखलात बसला होता, मांडीवर धाकटा. धाकट्याच्या चेहऱ्याची एक बाजू मी ओळखली, दुसरी नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. गणवेश अंगाला चिकटला होता आणि दादा तो उघड्या हातांनी सोलून काढायला बघत होता. त्याच्या तळव्यांचं कातडं त्या कापडाला लागून निघत होतं.

"काढू नकोस," मी म्हटलं. तो काढतच होता. मी फावडं उचललं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचं मला हाताला कळलं. पुन्हा घातलं. त्याने हात वर केला नाही, डोकंही वळवलं नाही. तिसऱ्या वेळी धाकट्याने डोळा उघडला, म्हणून मी थांबले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जगेल. बोटांचं काही सांगता येत नाही, पण जगेल. ते ऐकून मी जिन्यात बसून ढसाढसा रडले. दोघंही होते. माझं मागणं देवाने ऐकलं होतं.

पोलीस आले ते धाकटा शुद्धीवर राहायला लागल्यावर. एक पोलीसबाई आणि तिच्याबरोबर खात्याच्या मोठ्या बाई. खोलीत दादाही होता, हातांना पट्ट्या, खांदा बांधलेला. वहिनी त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी.

"आग कुणी लावली?" पोलीसबाईने विचारलं.

धाकट्याचा आवाज पट्टीतून घोगरा आला. "मी. खात्याच्या कामासाठी. रेषा कापायची राहिली. दादा मला वाचवायला आला."

मोठ्या बाई मटकन स्टुलावर बसल्या. त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. "तुम्हाला कळतंय ना काय म्हणताय?" त्यांनी विचारलं. "बाहेरच्या कुणी माळ जाळला तर तो संरक्षितच राहतो, परत उगवेपर्यंत आणि पुढेही. पण रक्षकानेच जाळला तर समिती म्हणणार, ह्यांना सांभाळता येत नाही, काढा कडा यादीतून. ते निमित्तच शोधताहेत."

"कळतंय," धाकटा म्हणाला. "मीच लावली."

त्याने आयुष्यभर राखलेली जमीन, कडा, फुलं, सगळं उचलून दादाच्या ओंजळीत टाकलं होतं. दादाला तुरुंग नको म्हणून. आणि गॉगलला हवं ते मिळणार होतं, ते माझ्या भावाच्या चेहऱ्याच्या बदल्यात.

मी दादाकडे पाहिलं. बोल, एवढंच माझ्या मनात होतं. तू बोल, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दादाने आपल्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मला त्याचा इतका राग आला की खोलीतलं काही दिसेना.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले. "आग दादाने लावली. मी वर होते. डबा त्याच्या हातात होता, रेषा कापली नाही हे त्याने स्वतः मला सांगितलं. लिहून घ्या. सही कुठे करायची तेही सांगा."

वहिनी माझ्या अंगावर आली. तिने माझे केस धरले, गालावर नखं ओढली, मला म्हणाली, तूही जळायला हवी होतीस. पोलीसबाईने तिला ओढून बाहेर नेलं. दादा गुपचूप उठला. बेडी घालायला मनगट मोकळं नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला दंडाला धरून नेलं. दाराशी तो थांबला, मला वाटलं माझ्यासाठी. त्याने धाकट्याकडे पाहिलं आणि गेला.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. धाकट्याचा ओठ कोरडा पडला होता. मी पेला भरला, त्याच्या मानेखाली हात घातला आणि पाणी तोंडाला लावलं. त्याने घोट भरून घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळा घोट माझ्या तोंडावर थुंकला.

"माझा दादा होता तो," तो म्हणाला.

मी ॲप्रनला हात पुसावेत तसा पदराने चेहरा पुसला. पुन्हा पेला भरला आणि त्याच्या ओठांशी धरून उभी राहिले. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. हात भरून येईपर्यंत मी पेला तसाच धरला होता.