खेलामला माणसं कमी पडतात

तुआत आजोबा तबकात पान-सुपारी घेऊन फाटकातून आत आले, तेव्हाच थोआचं डोकं सणकलं. ती अंगणात बदकाची पिसं उपटत बसली होती. तिची लेक न्याई घर सोडून गेल्यापासून या म्हाताऱ्याने तिच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. खेलामच्या गावदेवळाचा कारभार त्यांच्या हातात, त्यामुळे ते कुणाकडे जात नसत. लोकच त्यांच्याकडे जात, मान खाली घालून.

तरी थोआने हात धुऊन चहा ओतला. दारी आलेल्या वडीलधाऱ्याला कोरडं बसवणं तिच्याने होणार नव्हतं.

आजोबांनी सांगितलेली बातमी एव्हाना गावातल्या कोंबड्यांनाही पाठ झाली होती. खेलाम कम्यून, म्हणजे इथली ग्रामपंचायत, जमिनीनेही लहान आणि माणसांनीही कमी भरतं, म्हणून तालुका ते नदीपलीकडच्या दोंगवाकला जोडणार होता. कचेरी जाणार, नकाशावरचं नाव जाणार. जमीन काही ताणून वाढवता येत नाही. पण दक्षिणेत कारखान्यांत गेलेल्या पोरांनी आपली नोंद गावातच ठेवली, तर निदान माणसं कशीबशी भरत होती. त्यासाठी म्हातारा दारोदार फिरत होता. न्याई आपलं नाव सायगॉन शहराकडे हलवणार, असं त्यांच्या कानावर आलं होतं. आईने तिला थांबवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

थोआ पिसं ओरबाडू लागली. न्याईला गावातून घालवलं कुणी? खेलाम आणि दोंगवाक ही शपथेची भावंडं. जुन्या पिढ्यांनी देवासमोर आण घेतलेली, तेव्हापासून एकाच्या घराला आग लागली की दुसरा धावतो, आणि दोघांत सोयरीक होत नाही. न्याईचं मन दोंगवाकच्या क्वेतवर बसलं, तेव्हा याच तुआतने भर देवळात विचारलं होतं, बहीण भावाशी लग्न करते का? ऐकलं नाही तर देवळातल्या जेवणावळीत या घराला जागा नाही, असंही वर ठणकावलं. थोआच्या नवऱ्याने सगळ्यांसमोर हात जोडले होते. तो अपमान घेऊनच तो मेला.

"न्याईची आई, पोरीला बोलावून घे," आजोबा म्हणाले. "त्या मुलाचंही बघू. देवापुढे दोन नाणी टाकू. एक छाप, एक काटा पडला की देवाची परवानगी."

थोआचे हात थांबले.

"अशा गोष्टीत देवाला विचारता येतं?"

"येतं की. मोठं काही असलं की विचारतो आम्ही."

"मग तेव्हा का नाही विचारलंत?"

"तेव्हा गरज नव्हती."

किती सहज बोलला म्हातारा! घरात मीठ होतं म्हणून आणलं नाही, असं सांगावं तसं. थोआच्या अंगाची लाही लाही झाली. देवच नको म्हणतो, अशी पोरीची समजूत तिनेच घातली होती, रडणाऱ्या पोरीचे केस विंचरता विंचरता. आणि देवाला कुणी विचारलंच नव्हतं.

"क्वेतही तिकडेच आहे," ती म्हणाली. "लग्न केलंय दोघांनी. मुलगा आहे त्यांना. मी अजून त्याला मांडीवर घेतलेलं नाही, कारण तुमच्या धाकाने मीच त्यांना सांगत आले, इकडे येऊ नका म्हणून."

आजोबांचा चेहरा उजळला. "मुलगा? मग तिघांची नावं इथेच लाव. बाकीचं मी बघतो."

यावर थोआला हसूच आलं, आणि त्या हसण्याने तिची भीती कुठल्या कुठे गेली.

"तिघांचीही तिकडेच राहतील. आणि मीसुद्धा जातेय नातवाकडे, माझं नाव घेऊन. मला मोजू नका."

"रागाच्या भरात बोलू नकोस. गाव पुसलं जाईल."

"जाऊ दे."

 म्हाताऱ्याने चहा संपवून सवयीने पेला पुढे केला. थोआने किटलीला हात लावला नाही.