मुका पियानो

आपल्याकडे पाहुणे आले, पाणी देऊन झालं, की लहान मुलाला पुढं करण्याची पद्धत आहे. "काकांना ती कविता म्हणून दाखव." "मावशीला पाढे म्हणून दाखव." मूल आईच्या पाठीमागं लपतं, बाप डोळे वटारतो, पाहुणा "असू दे, असू दे" म्हणत घड्याळाकडे बघतो आणि शेवटी ते पोर भिंतीकडे तोंड करून कसंबसं काहीतरी पुटपुटतं. मग सगळे टाळ्या वाजवतात. या टाळ्या नक्की कुणासाठी असतात, हे आपण कधी विचारत नाही. चष्मेवाल्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

चष्मेवाले म्हणजे चौकात चष्म्यांचं दुकान असलेले गृहस्थ. माणूस कष्टाळू, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा. खोड एकच, आपली मुलगी चारचौघींसारखी असेल हे त्यांना पटतच नसे. मुलगी चार वर्षांची. सकाळी उठल्यापासून घरभर गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. एका गिऱ्हाइकानं काचा पुसून घेता घेता सांगितलं, की लहान वयात पियानो हाती दिला तर मुलांची बुद्धी तल्लख होते. झालं! पुढच्याच आठवड्यात विजेवर चालणारा पियानो घरात हजर. दार उघडताच नजरेत भरेल अशा जागी तो मांडला गेला. त्यासाठी बैठकीतला कोच आतल्या खोलीत ढकलावा लागला आणि तिथल्या कपाटाचं दार अर्धंच उघडू लागलं. बायको रुग्णालयात परिचारिका होती. सकाळी घाईच्या वेळी त्या अर्ध्या दारातून हात घालून गणवेश ओढून काढताना ती काय पुटपुटायची, ते न लिहिलेलंच बरं.

भिंगरीला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. डाव्या टोकाच्या पट्ट्यांवर ती तळहातानं धाडकन मारायची. "अस्वल आलं!" मग पळत उजव्या टोकाला जायची आणि करंगळीनं टिकटिक करायची. "उंदीर पळाला!" मधल्या पट्ट्यांवर अस्वल उंदराला शोधत हिंडायचं. कधी सापडायचा, कधी नाही. आई भाजी चिरता चिरता आतून विचारायची, "मिळाला का गं उंदीर?"

"अगं, हे काय वाजवणं झालं?" चष्मेवाले म्हणायचे. "यासाठी का आणलाय एवढा पियानो?"

त्यांनी पट्ट्यांवर रंगीत टिकल्या चिकटवल्या. लाल, मग पिवळी, मग पुन्हा लाल. फोनवर बघून आधी ते स्वतः शिकायचे आणि मग लेकीला शिकवायचे. पण भिंगरीचं बोट पिवळ्यावरून घसरून तिसरीकडेच जायचं, आणि तिथला आवाज आवडला की ती तिथंच रमायची. चष्मेवाल्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यातच समोरच्या घरातले वकील गच्चीत उभे दिसायचे. वकिलांचा नातू बुद्धिबळात मोठ्या मुलांना हरवतो, हे साऱ्या गल्लीला पाठ होतं. मग चष्मेवाले लगबगीनं उठायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

"खिडकी का लावली, बाबा?"

"लोक ऐकतात, बाळा. हसतील ना!"

हे रोजचंच झालं. भिंगरी स्टुलावर चढली, की बाबांचा हात खिडकीच्या कडीकडे जायचा.

एका रविवारी नातेवाइकांच्या फोनवरच्या गटात कुणाच्या तरी मुलाचं नृत्य झळकलं आणि कौतुकाचा पाऊस पडला. चष्मेवाल्यांना राहवेना. पियानोत एक बटण होतं, ते दाबलं की आतली तयार धून आपोआप वाजायची. त्यांनी भिंगरीला नवा झगा घालून स्टुलावर बसवलं, फोन बेतानं धरला आणि हळूच ते बटण दाबलं.

"तू फक्त बोटं हलव. गंमत करायची आपण."

भिंगरीनं बोटं हलवली. सुंदर धून वाजली. काकांनी लिहिलं, "घराण्याचं नाव काढणार!" मामींनी लिहिलं, "बापाची मेहनत दिसते आहे." मेहनत हा शब्द वाचून चष्मेवाल्यांना क्षणभर कसंसं झालं, पण तेवढ्यात आणखी दोघांचं कौतुक आलं आणि ते कसंसं विरून गेलं.

"अहो, हे बरं नाही," बायको म्हणाली.

"गंमत आहे गं. शिकेलच की ती पुढं!"

एका गमतीच्या चार झाल्या. दुकानात चष्म्याचा नंबर काढायला बसलेल्या माणसालाही अक्षरांचा तक्ता दाखवण्याआधी भिंगरी दाखवली जाऊ लागली. आणि एके दिवशी काकांचा फोन आला. "आम्ही सगळे रविवारी येतो. पोरीला समोर बसून ऐकायचंय!" चष्मेवाले म्हणाले, "या ना, या!" बटण पियानोच्या कडेला होतं. आपण शेजारी उभं राहायचं आणि वेळ आली की दाबायचं, कुणाला कळणार आहे? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, त्या दिवसापासून ते येता-जाता बटणाकडे बघत राहिले.

त्यांची थोरली बहीण शनिवारी दुपारीच येऊन थडकली. ताईंनी उभा जन्म बालवाडीत घालवलेला. खुर्चीत बसायची सवयच मोडलेली, कुठंही गेल्या तरी जमिनीवर फतकल मारायच्या. त्या आल्या तेव्हा चष्मेवाले जेवायला म्हणून दुकानातून घरी आले होते. आत जाऊन हातपाय धुतल्यावर भावाच्या हातून पाण्याचा पेला घेऊन त्या परत बैठकीच्या दाराशी आल्या आणि तिथंच थबकल्या. त्यांच्या मागं चष्मेवालेही थांबले.

भिंगरी पियानोवर होती. दोन्ही हात धावत होते. ती डावीकडे झुकायची, उजवीकडे सरकायची, ओठ हलवायची, मध्येच खुदकन हसायची. पट्ट्यांवर नखं आपटल्याची बारीक टपटप तेवढी ऐकू येत होती. पियानोतून आवाज कसलाच येत नव्हता. आणि खिडकी लावलेली होती. स्टूल ओढत नेऊन, त्यावर चढून, तिची तिनंच लावलेली!

ताई जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "काय वाजवतेस गं?"

"अस्वलाचं."

"मला ऐकूच येत नाही की!"

"आवाज बंद केलाय मी." भिंगरीनं आवाजाचं गोल बटण दाखवलं. ते पार शेवटापर्यंत फिरवलेलं होतं. "माझा आवाज आला की बाबांना लाज वाटते. बाबांचं बटण छान वाजतं. ते पाहुण्यांसाठी. माझं असं वाजवायचं."

एवढं सांगून ती परत अस्वलाच्या मागं लागली.

चष्मेवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अरे देवा! ही पोर किती दिवस अशी वाजवत होती? ते दुकानातून यायचे तेव्हा घर शांत असायचं आणि त्यांना वाटायचं, कार्टी सराव करत नाही. त्यावरून ते तिला दोनदा रागावलेही होते. बहिणीकडे बघायची हिंमत होईना, लेकीकडे बघायची तर त्याहून नाही.

ताई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. चष्मेवाले त्या अडचणीत घुसवलेल्या कोचावर बसले, ताई त्याच्या पायाशी जमिनीवर.

"बटणाचं काय आहे, ते सांग आता."

चष्मेवाल्यांनी मान खाली घालून खिडकीपासून बटणापर्यंत सगळं सांगितलं. ताई रागावल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी चष्मेवाले म्हणाले, "काय करू ताई? आपलंच नाणं खोटं निघालं, म्हणून..."

"नाणं खोटं?" आता मात्र ताई उसळल्या. "अरे, जगाच्या डोळ्यांचे नंबर काढतोस आणि घरातलं तुला दिसत नाही? ही पोर बोलायला लागली तेव्हा पाण्याला 'मम' म्हणायची. तेव्हा तू खिडकी लावली होतीस का? फोन करून मला ऐकवत होतास! तिला धड शब्द येईपर्यंत तिच्या तोंडावर हात ठेवला असतास, तर आज बोलली असती का ती?"

चष्मेवाले कोचाच्या शिवणीतला दोरा ओढू लागले.

"पियानोवरही मूल आधी बोबडंच बोलतं रे. अस्वल, उंदीर, धाडधूड, हेच त्याचं बोबडं. ते भरपूर बोलून झालं की मग लाल-पिवळं शिकव हवं तर. पण तू तिला काय शिकवलंस? स्वतःचा आवाज दाबायचा आणि दुसऱ्याचा आपला म्हणून दाखवायचा. चार वर्षांची आहे ती!"

"उद्या सगळे येणार आहेत," चष्मेवाले कसेबसे म्हणाले. "तिला बरं नाही म्हणून सांगू का?"

"सांग. तुझं खोटं झाकायला तिला आजारी पाड. तेवढंच राहिलंय."

ताई उठून भिंगरीजवळ जाऊन बसल्या. चष्मेवाले बराच वेळ त्या अर्ध्या उघड्या कपाटाकडे बघत राहिले. दुपारी दुकान उघडायला त्यांना उशीर झाला.

रविवारी घर भरलं. काका, काकू, मामा, मामी, आणि काकांनी आग्रहानं बोलावलेले समोरचे वकीलसुद्धा. जेवणं झाली. फोन सरसावले गेले. "चला, आमच्या कलाकार कुठं आहेत?" काका गरजले.

भिंगरी नव्या झग्यात आली. पियानोपाशी न जाता ती आधी खिडकीकडे गेली आणि टाचा उंचावून कडीला हात घालू लागली.

ते चष्मेवाल्यांनी बघितलं. ते पुढं झाले, तिचा हात हातात घेतला आणि खिडकी सताड उघडली. मग वळले.

"मला काही सांगायचंय. तुम्ही फोनवर ऐकलंत ते हिनं वाजवलेलं नाही. पियानोत भरलेली धून होती. बटण मी दाबायचो आणि हिला बोटं हलवायला मीच सांगायचो. तिचा यात काही दोष नाही. खोटारडेपणा माझा."

मामींनी मामांकडे बघितलं. वकील आपल्या बुटांकडे बघू लागले. काकांनी फोन खिशात घातला आणि म्हणाले, "म्हणजे आम्हाला मूर्ख बनवलंस." चष्मेवाले म्हणाले, "हो काका. चुकलं माझं." त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. बायको येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

मग ते भिंगरीसमोर गुडघ्यांवर बसले. "तुझं अस्वल वाजवशील? आवाज चालू करून?"

"तुला लाज वाटेल."

"नाही वाटणार, बाळा. मला लाज वाटते ती माझीच. तुझ्या वाजवण्याची नाही, कधीच नाही."

भिंगरीनं त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मोठ्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याआधी तपासून बघायला ती शिकली होती, आणि हेही तिला बापानंच शिकवलं होतं. मग तिनं ते गोल बटण धरलं आणि अगदी थोडं फिरवलं. एक पट्टी हळूच दाबली. बाबांकडे बघितलं. आणखी थोडं फिरवलं. पुन्हा बघितलं. बाबा हलले नाहीत.

धाडकन अस्वल आलं!

काकू दचकल्या. उंदीर पळाला, अस्वल मागं लागलं, उंदीर काही सापडेना. बराच वेळ ही धावपळ चालली. खरं सांगायचं तर ऐकायला ते फार गोड नव्हतं, आणि काका मध्येच उठून गच्चीत गेले. पण आईनं सवयीनं विचारलं, "मिळाला का गं?" आणि भिंगरी ओरडली, "नाही! खिडकीतून पळाला!" वकील मोठ्यानं हसले. भिंगरीनं झटकन बापाकडे बघितलं. बापही हसत होता, आणि डोळे पुसत होता.

मंडळी, पियानो घरी जरूर आणा. ऐपत नसेल तर लहानसा, तोही नसेल तर पत्र्याचा डबाही चालेल. लहान हातांना आवाज काढू द्या, चुकू द्या, बोबडं वाजवू द्या. फक्त पोर स्टुलावर चढलं, की आपला हात खिडकीच्या कडीकडे जातो का, तेवढं बघा. जात असेल, तर शिकायची गरज पोराला नाही, आपल्याला आहे.

चष्मेवाल्यांच्या दारावरून हल्ली कुणी गेलं तर अस्वल ऐकू येतं, अगदी चौकापर्यंत.